14 फेब्रुवारी आपला नाही म्हणणाऱ्या दादांना



पुसेगाव म्हटलं की लोकांना साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव आठवतं. मी ज्या पुसेगावचा आहे ते हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. दहावीपर्यंत तिथं होतो. आता छत्रपती संभाजीनगरात होस्टेलला राहून अकरावीची परीक्षा दिली. वय सतरा.

यंदा 7 फेब्रुवारीला होस्टेलच्या पोरांनी रमाई जयंती केली. पोरांच्या मोबाईलवर त्याच दिवशी रोज डे चालू होता. चळवळीतले एक दादा बोलायला आले होते. ते म्हणाले, व्हॅलेंटाईन हे बाजाराचं खूळ आहे, 14 फेब्रुवारी आपला नाही, आपला 14 एप्रिल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. रात्री मात्र झोप लागेना. कार्डांची दुकानं फोडणारे, बागेतल्या जोडप्यांना उठाबशा काढायला लावणारे पण हेच म्हणतात की हा दिवस आपला नाही. ते आणि आपण एकाच वाक्यावर कसे काय आलो?

दादांचा बाजाराचा मुद्दा मला मान्य आहे. त्या दिवशी गुलाबाचा जो भाव असतो त्यात माझा एक वेळचा डबा येतो. पण माझं दुखणं वेगळं आहे.

दहावीचा निरोप समारंभ फेब्रुवारीतच होता. वर्गातल्या एका मुलीनं माझी विज्ञानाची प्रयोगवही मागून नेली आणि 14 तारखेला परत दिली. आत एक चॉकलेट होतं. चिठ्ठी नाही, नाव नाही. ती आमच्या वस्तीतली नव्हती, एवढं सांगितलं तरी तुम्हाला कळेल. माझे हातपाय गार पडले. आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं, पण पहिल्यांदा मी मागं वळून कुणी पाहिलं का तेच बघितलं. घरी जाऊन ते चॉकलेट धाकट्या बहिणीला दिलं, मीच आणलं म्हणून सांगितलं. त्यानंतर शेवटच्या पेपरापर्यंत मी त्या मुलीशी एक शब्द बोललो नाही. समोर आली की मान खाली.

माय त्या दिवसांत हळदीच्या कामाला जायची. हात पिवळेधम्मक घेऊन यायची. मी आठवीत गेलो तेव्हाच तिनं सांगून ठेवलं होतं, "लेकरा, वर्गातल्या पोरीचं काही घेऊ नको अन् काही देऊ नको. तुला काई झालं तर मी कोणाकडं पाहू?" तिला शाळा माहीत नाही, पण नितीन आगे माहीत आहे. त्याचा फोटो तिनं विहारातल्या सभेत पाहिला होता.

नितीन जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा. मुलीशी बोलतो या संशयावरून 28 एप्रिल 2014 रोजी त्याला शाळेतून ओढून नेऊन मारलं आणि झाडाला लटकवलं. वय सतरा. 2017 मध्ये साक्षीदार फिरले आणि आरोपी निर्दोष सुटले. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' त्याच वर्षी 14 फेब्रुवारीला थिएटरात लागला होता. जब्याचं शालूवर प्रेम असतं आणि त्याची चिठ्ठी काही तिच्यापर्यंत जात नाही. त्या सिनेमानंतर अडीच महिन्यांनी खर्डा घडलं. तेव्हा मी नुकताच शाळेत जाऊ लागलो होतो.

सरकार आंतरजातीय लग्नाला 50 हजार रुपये देतं. त्या वयापर्यंत पोरगं जगलं पाहिजे ना आधी.

म्हणून दादा, मला तुमचं पटलं नाही. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला तेव्हा ते 25 वर्षांचे होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढी त्याच्याच राखणीसाठी आल्या, असं त्यांनी मांडलं. वीस वर्षांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून सांगितला. मग कुणी कुणाकडं बघायचं, कुणाच्या वहीत काय ठेवायचं, हा प्रश्न बाजाराचा कसा? तो तर आपल्या चळवळीच्या मुळातला प्रश्न आहे. आणि रमाईचं नाव घेऊन प्रेमाला नावं ठेवता येत नाहीत. रमाई 1935 मध्ये गेल्या, त्यानंतर पाकिस्तानवरचा एवढा मोठा राजकीय ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केला, आणि अर्पणपत्रिकेत नाव लिहिलं ते 'रामू'. घरातलं हाकेचं नाव.

माय मला अडवते ती संस्कृतीसाठी नाही, भीतीनं अडवते. ती भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण आपण भाषणात त्या भीतीला तत्त्वाचं नाव देऊ लागलो तर पोरांना कळणारच नाही की आपण घाबरलोय.

मला तरी उशिरा कळलं. शहरात आल्यावर वाटलं होतं, आता सगळं बदललं. इथं कुणी आडनाव ऐकून थांबत नाही, निदान तोंडावर तरी नाही. मुली सरळ 'हाय' करतात. आणि माझी मान आपोआप खाली जाते. पहिले चार महिने वर्गातल्या मुलींना वाटलं मी शिष्ट आहे. एकीनं तर विचारलं, "तू आमच्याशी भांडलास का?" गाव मागं राहिलं पण मानेतून गेलं नाही. बदलाशी जुळवून घ्या म्हणतात, ते नुसतं नवी मेस आणि इंग्रजी पुस्तकं यांच्याशी नसतं. मी रोज एक काम ठरवलं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायचं. काही दिवस जमतं. काही दिवस भिंतीकडं बघूनच बोलतो.

भीमजयंतीला गावी गेलो होतो. परत निघताना स्टँडवर ती भेटली, हिंगोलीला जाणारी बस बघत होती. आम्ही दोन हात अंतर सोडून उभे राहिलो. तोंडं रस्त्याकडं. तिनंच विचारलं, "चॉकलेट आवडलं नव्हतं का रे?"

मी म्हणालो, "बहिणीनं खाल्लं. मी भ्यायलो होतो."

"कशाला?"

मी नितीनचं नाव घेतलं. तिला ते माहीत नव्हतं. 'फँड्री' तिनं पाहिला होता, टीव्हीवर, घरच्यांबरोबर. डुकराच्या मागं पळतात तिथं सगळे हसले होते, तीही हसली होती, हे तिनंच सांगितलं. मग खर्ड्यात काय झालं ते मी तिला सांगायला लागलो. अर्धंच झालं होतं तेवढ्यात तिची बस लागली. चढताना म्हणाली, "बाकीचं लिहून पाठव."

ते अजून पाठवलेलं नाही. आधी हे लिहिलं.