आधी जेवण, मग नाव

शनिवारी पुन्हा ‘ओडिसी’ उघडलं. चौदाव्या सर्गात ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच गुलामाच्या, डुकरं राखणाऱ्या युमेयसच्या झोपडीत येतो. युमेयस मालकाला ओळखत नाही. तरी आधी मांस भाजून वाढतो, वाइन देतो. ‘तू कोण, कुठला?’ हे जेवण झाल्यावर! पाहुणा मग चक्क थापा मारतो, म्हणे मी क्रीटचा. ‘तुझा मालक परत येतोय’ एवढं मात्र खरं सांगतो, आणि नेमकं तेच युमेयसला पटत नाही. तरीही रात्री पांघरायला जाड झगा देतोच.

गेल्या महिन्यात गावाकडचे एक काका अचानक दारात उभे. पाणी द्यायच्या आधीच मी विचारलं, ‘काय काम काढलंत?’ ‘सहज आलो होतो,’ म्हणाले आणि चहाही न घेता गेले.

काय सांगायचं होतं त्यांना? आज फोन करतोय. जेवायलाच बोलावतो.