उतारवयातली हाक

देवाची हाक तरुणपणीच येते, हे बायबलला मान्य नाही. हारान सोडून निघाला तेव्हा अब्राम ७५ वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा मोशे ८० वर्षांचा होता, आणि त्याआधी आपली जीभ जड असल्याची सबबही त्याने देवाला सांगून पाहिली होती. लूकच्या शुभवर्तमानातली वृद्ध विधवा हन्ना मंदिर सोडून कुठे जातच नसे; उपास आणि प्रार्थना हीच तिची सेवा.

मराठी माणसाला या हाकेचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची दोन दशके अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेली: अहमदनगरला शिकवणे, उपदेश, ‘ज्ञानोदय’चे संपादन, आणि या धबडग्यातही अखंड चाललेली कविता. १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सारेच या दरबारात सामावणार होते. हे अचानक घडले नव्हते. ख्रिस्ताची ओळख भजन-कीर्तनातून, अभंगातून, इथल्या माणसाच्या ओठावरच्या शब्दांत व्हावी, हा ध्यास कितीतरी वर्षांचा होता. उतारवयातली हाक पुष्कळदा अशीच असते. जन्मभर साठवलेलेच ती मागते; त्याभोवतीचे पद आणि वेतन तेवढे बाजूला ठेवायला लावते. दरबाराला टिळकांचे आयुष्य जेमतेम दोन वर्षे लाभले. मे १९१९मध्ये ते गेले. एवढ्या थोड्या मुदतीसाठी पगार सोडणे व्यवहाराला पटणार नाही, पण हाकेसोबत मुदतीची हमी कधीच येत नाही.

मनात उठलेली प्रत्येक ओढ मात्र देवाची नसते. निवृत्तीनंतरचे रिकामपण, मान ओसरल्याची सल, घरातल्या कटकटीपासून सुटण्याची धडपड, हेही सेवेच्या नावाने पुढे येते. यातले निवडायचे कसे, याचा मार्ग पुढे जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाला अंथरुणावर सापडला. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तो जायबंदी झाला. पडल्या पडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवी, कधी संतांची चरित्रे वाची. गोड दोन्ही वाटे, पण पहिल्यानंतर मन कोरडे पडे आणि दुसऱ्यानंतरचे समाधान टिकून राही. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो मागे काय ठेवून जातो, हे पाहायला तो यातून शिकला. मन खचलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये, असेही त्याने पुढे बजावून ठेवले. निवृत्तीच्या पहिल्या उदास महिन्यांत घाईने काहीतरी अंगावर घेणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

हाक कधी दुसऱ्याच्या अपुऱ्या कामातून येते. टिळकांच्या मागे त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ दहा अध्यायांवर थांबले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तेव्हा पन्नाशी गाठली होती. त्यांचे शिक्षण लग्नानंतर घरातच, टिळकांच्या हाताखाली, धड ना सलग असे झालेले. तरी त्यांनी आणखी ६४ अध्याय रचले. पांडित्याच्या मापाने पाहता या कामासाठी त्यांचे नाव कुणी सुचवले नसते. पण ते काम त्यांच्याइतके जवळून कुणी पाहिलेही नव्हते.

घरच्यांशी बोलणे, पाळकाचा सल्ला आणि थोडे दिवस प्रत्यक्ष काम करून पाहणे, एवढ्याने हाक खरी की नुसती ओढ, हे बरेच उलगडते. फ्रेडरिक ओझानामने मित्रांसह १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसे गरजूंच्या घरी जोडीने जातात. नवख्याला यात मोठा आधार मिळतो. जुना सभासद औषधाची चिठ्ठी विचारतो, शिध्याचे पाहतो; नवा नुसता बसून ऐकतो. परतताना दमणूक असते. तरीही पुढच्या आठवड्याला जावेसे वाटले, आणि त्या घरालाही त्याचे येणे हवेसे झाले, तर पारख बरीच पुढे सरकलेली असते.