अब्बांची बुलेट आणि आंबा घाट

रत्नागिरीच्या राजिवड्यात भाट्याच्या खाडीलगत आमची फुफी राहते. दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापूरहून आंबा घाट उतरून तिच्याकडे जायचं, हा घरचा जुना रिवाज. अब्बा पूर्वी बुलेटवरून जात, गेली काही वर्षं एस.टी.ने. या वर्षी मात्र ते म्हणाले, ‘‘एकदा बुलेटवरूनच न्या. पुन्हा मागणार नाही.’’

अब्बांचं वय चौऱ्याहत्तर, मणक्याचं दुखणं जुनं. गाडी १९७४ ची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. इंजिन अजून ठणठणीत, पण खड्ड्यातून गेली की मागचं सीट तीनदा उसळायचं. अम्मी म्हणाल्या, ‘‘यांची पाठ मोडून आणाल.’’ त्यांचं चुकत नव्हतं.

आम्ही गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली. ऑइल इंजिनांमुळे नावारूपाला आलेली ही वस्ती. गल्लीगल्लीत लेथ फिरतात आणि हवेला कापलेल्या लोखंडाचा वास असतो. सुटा भाग बाजारात नसेल तर इथे तो बनवून मिळतो. मेस्त्रींनी मागचा शॉकअप दाबून सोडला. ‘‘सर, आतलं तेल कवाच गेलंय. नुसती स्प्रिंग हाय. स्प्रिंग उडवती, तेल आवरतं.’’ शॉकअपचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आलं. वर्गात इतकं सोपं सांगता यायला हवं.

आम्ही हौसेने गॅसचे नवे शॉकअप आणले होते. त्यांत तेलावर नायट्रोजनचा दाब असतो, म्हणून सततच्या हादऱ्यांनी तेलाला फेस येत नाही. पण ते जुन्यापेक्षा लांब निघाले. बसवल्यावर गाडी मेन स्टँडला लावली, तर मागचं चाक जमिनीला टेकूनच राहिलं. दुसऱ्या एकाने सल्ला दिला, वरची पकड कापून नव्या जागी वेल्ड करा. आम्ही साफ नाही म्हटलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून नोंदवण्याचे नियम २०२१ साली आले. त्यांत चासीत फेरफार चालत नाही. ती नोंदणी आम्ही घेतलेली नाही, कारण मग गाडी रोज चालवता येत नाही. तरीही अब्बांच्या गाडीला करवत लावायला मन धजेना. शॉकअप परत केले आणि दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजून तेवढ्याच लांबीचे आणले.

मेस्त्रींनी मग मागचं चाक धरून आडवं हलवलं. चिमट्यात खट्खट् आवाज आला. बुशी झिजल्या होत्या. ‘‘ह्या ठेवून नवा शॉक घातलासा तर वळणावर गाडी माशावानी शेपूट हलवील.’’ गनमेटलच्या नव्या बुशी लेथवर काढून घेतल्या. पुढच्या फोर्कची ऑइल सीलं बदलली आणि दोन्ही नळ्यांत सारख्या मापाने तेल भरलं. चेन शेवटी ताणली, तीही गाडी मागून खाली दाबून दोन्ही स्प्रॉकेट आणि चिमट्याचा सांधा एका रेषेत आणून, कारण त्या स्थितीत चेन सर्वांत घट्ट होते.

घरची मंडळी एस.टी.ने पुढे गेली. आम्ही बापलेक पहाटे निघालो. आम्ही एकटे चालवून पाहिली तेव्हा गाडी मऊ वाटली होती, पण अब्बा मागे बसल्यावर बांबवड्यापर्यंत दोनदा तळाला आपटली. मलकापूरला चहा घेतला, पान्याने शॉकअपची खालची रिंग दोन खाचा चढवली आणि जमलं. रुंदीकरणामुळे रस्ता जागोजागी उखडलेला. खडीतून जाताना गाडी एकदाच दबायची आणि शांत व्हायची. तरी दर दहा मिनिटांनी आम्ही विचारायचो, ‘‘अब्बा, बरं आहे ना?’’ शेवटी ते वैतागले, ‘‘समोर बघा.’’

घाटात गायमुखाला थांबलो. खाली कोकण धुक्यात होतं. अब्बा स्वतः उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि आपणहून म्हणाले, ‘‘फुफीला आता दिसत नाही. फोनवर म्हणाली, भाईजान, पूर्वी गल्लीच्या तोंडाशीच तुमची गाडी ओळखायचे.’’ हट्टाचं कारण तेव्हा कळलं.

उतारावर ब्रेक दाबला की पूर्वी गाडी नाकावर बसायची. आता पुढचा भाग सावकाश दबत होता. साखरप्याला अब्बांनी पाठ टेकली, अर्धा तास पडून राहिले. हातखंब्यापर्यंत ते गप्प होते, आणि आम्हीही.

राजिवड्याच्या गल्लीत शिरताना अब्बांनी खांद्यावर थाप मारली. ‘‘सावकाश. आवाज होऊ द्या.’’ आम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली. फुफी दाराची चौकट धरून उभी होती, मान जराशी कललेली. आम्ही सलाम करण्याआधीच ती म्हणाली, ‘‘भाईजान, हेल्मेट काढा, चेहऱ्याला हात लावू द्या.’’

परतीचं तिकीट अब्बांनी एस.टी.चं काढलं. पाठीसाठी नाही म्हणे, फुफीने दिलेल्या आगळाच्या बाटल्या सांभाळायच्या होत्या.