माळ रिकामा नसतो!

बालमित्रांनो, हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याला आलात, तर केळीच्या बागा बघाच. पण मग मुरमाड माळावरही चला. पायाखाली जपून हं! टिटवी खड्यांतच खड्यांसारखी ठिपकेदार चार अंडी घालते. शत्रू लांबूनच दिसावा, म्हणून तिला मोकळी जागा लागते. सुगरण पक्ष्याचा नर मात्र विहिरीवरच्या बाभळीला खोपा विणतो, तर खंड्या ओढ्याच्या दरडीत बीळ कोरतो. एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही! म्हणूनच ‘पडीक’ म्हणून माळावर सरसकट झाडं लावली, तर टिटवी-चंडोल जातील कुठं? झाडं जरूर लावा, पण बांधावर, रस्त्याकडेला. माळ माळच राहू द्या. उन्हाळ्यात आईबाबांसोबत लांबूनच टिटवी शोधा. अंड्यांना हात मात्र लावायचा नाही बरं का!