बायोला पत्र: होकार देण्याआधी

नाटे, ता. राजापूर

चि. बायोस,


तू मोबाइलवर पाठवलेलं जेन ऑस्टिनचं वाक्य पोचलं. वाचनासारखं दुसरं सुख नाही, अशा अर्थाचं. खाली फुलं, वर तिचा चेहरा. इंग्लंडात 2017 साली दहा पौंडांची नवी नोट निघाली, तिच्यावरही तिच्या चित्राखाली हेच छापलंय. पण ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये हे बोलतं कोण, बघितलंस का? मिस बिंगली! तिचं पुस्तकात चित्तच नाही. डार्सी पहिला भाग वाचतोय म्हणून हिने दुसरा हातात धरलाय, आणि जांभई देत देत वाचनाचे गोडवे गातेय. ऑस्टिनबाईने जिची टर उडवली, तिचंच बोलणं तिचा सुविचार म्हणून जगभर फिरतंय.

त्या दहा पौंडांचीही एक गंमत आहे. 1803 मध्ये तिने एक कादंबरी बरोब्बर दहा पौंडांना विकली होती. प्रकाशकाने ती छापलीच नाही. पुढे तेवढेच पैसे मोजून बाड सोडवून आणावं लागलं. 1811 मध्ये पहिली कादंबरी आली ती नावाशिवाय, लेखिका ‘एक स्त्री’ एवढंच. 1817 मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी ती गेली, आणि विंचेस्टरच्या थडग्यावर तिच्या गुणांची स्तुती आहे, पुस्तकांचा उल्लेख नाही.

मला तिचं आवडतं ते वेगळंच. 1802 मध्ये एका पैसेवाल्या घरच्या मुलाला तिने संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी उठून नकार कळवला. त्या काळात पोटापाण्याची सोय नसलेल्या मुलीने! मोबाइलवर पाठवायचं तर हे पाठव.

तुझ्या स्थळाचं दादाने फोनवर सांगितलं, म्हणून हे सगळं आठवलं. आणि ऑस्टिनपेक्षा जास्त आठवल्या आपल्या मालतीबाई बेडेकर. तू नाव ऐकलं असशील, वाचलं नसशील. माहेरच्या बाळूताई खरे, जन्म 1905चा. वडील मास्तर. पुढे त्यांच्यावर ‘खरेमास्तर’ ही कादंबरीच लिहिली. शिकल्या कर्व्यांच्या संस्थेत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या अण्णांकडे. शिक्षिका झाल्या. आणि 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, विभावरी शिरूरकर या नावाने.

केवढा गदारोळ झाला! ही विभावरी कोण? बाईच्या नावाआड कुणी पुरुष तर नाही? लोकांना चीड आली ती कशाची, तर शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींनाही मन आणि शरीर असतं, हे छापून आलं याची. त्यातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ मास्तरणीचा पगार घरात येतो, भावंडांची शिक्षणं होतात, आणि तिच्या लग्नाचा विषय मात्र पुढच्या वर्षावर जातो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर ओटीवर जाऊन बसले होते. का, ते तुला वेगळं सांगायला नको. दादाला मात्र हे पत्र दाखवू नकोस, उगाच त्याला लागेल.

दुसऱ्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आली. नवऱ्यापासून दूर झालेली बाई दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, त्याची गोष्ट. मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला 1947 मध्ये. ही कादंबरी 1934 ची. कायद्याआधी तेरा वर्षं!

मालतीबाई तिथेही थांबल्या नाहीत. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, जिथे सरकारने जन्माने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, तिथे त्यांनी नोकरी केली. त्यातून 1950 मध्ये ‘बळी’ आली. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं पुस्तक तेच. पांढरपेशा घरातली बाई इतक्या दूरचं इतक्या जवळून बघते, हे तेव्हाच काय, आजही विरळा.

लग्नाचं म्हणशील तर त्यांनी 1938 मध्ये केलं, तिशी ओलांडल्यावर, विश्राम बेडेकरांशी. म्हणजे लग्नाच्या विरोधात होत्या असं नाही. घाईच्या विरोधात असाव्यात.

ऑस्टिनच्या गोष्टी लग्नाच्या दारात संपतात. तिच्या नायिकांना शेवटी योग्य माणूस मिळतो. मालतीबाईंनी ज्यांना तो मिळाला नाही, किंवा मिळून टिकला नाही, त्यांच्याबद्दल लिहिलं. म्हणून त्या मला जास्त धीट वाटतात. ऑस्टिनची गंमत कमी नाही, पण आपल्या घरातलं दुखणं तिला कुठून कळणार?

इथे बोटी किनाऱ्याला लागल्यात, यशवंतगडावर गवत माजलंय, माझे गुडघे आहेत तसेच. ‘हिंदोळ्यावर’ची माझी प्रत पोस्टाने पाठवतेय. समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या रेघांकडे लक्ष देऊ नकोस. मुलगा चांगलाही असेल, मी कुठे नाही म्हणते? पण पुस्तक वाचून होईपर्यंत होकार देऊ नकोस. दादाने विचारलं तर सांग, आत्याने थांबायला सांगितलंय.

तुझी आत्या