एक कूळ, तीन रायफली : ईशापूरचे ‘विचित्र’ वारसदार

आजचा धागा लांब आहे आणि थोडा घरगुतीही. विषय आहे ईशापूरच्या कारखान्याशी नाते असलेल्या तीन बंदुकांचा. तिन्ही पाहून जाणकारांच्या कपाळावर आठ्या पडतात. ज्यांच्याकडे त्या आहेत ते मात्र त्यांच्यावर जीव टाकतात. तिन्हींचे कूळ एकच, ली-एनफिल्ड. म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘थ्री-नॉट-थ्री’.

आधी या कुळाची ओळख. जेम्स पॅरिस ली हा जन्माने स्कॉटिश, बालपण कॅनडातले, कर्तृत्व बरेचसे अमेरिकेतले. बोल्ट आणि मॅगझीन यांची रचना त्याची. नळीच्या आतले पीळदार आटे लंडनच्या उत्तरेकडील एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याचे. या दोघांच्या संयोगातून १८९५ साली ली-एनफिल्ड जन्मली आणि १९०७ मध्ये तिचा ‘मार्क ३’ हा सर्वांत गाजलेला अवतार आला. मॅगझीनमध्ये दहा काडतुसे, बोल्टची फिरकी छोटी, हात बसला की गोळीबार विलक्षण वेगवान. तुमच्यापैकी ज्यांनी एनसीसीत .२२ ची ‘नंबर २ मार्क ४’ हाताळली असेल, त्यांनी याच कुळातल्या एका धाकट्या भावंडाला खांदा दिलेला आहे.

ही बंदूक भारतात बनू लागली ती कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी, ईशापूरला. तेथे दारूगोळ्याचा कारखाना अठराव्या शतकापासून होता. त्याच जागी १९०४ मध्ये रायफल कारखाना स्थापन झाला. पुढची सारी कथा या एका गावाभोवती फिरते.

पहिली बंदूक माझ्या मामांची. विदर्भात त्यांची शेती आहे. तूर आणि हरभरा रानडुकरांपासून राखण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची.३१५ बोअरची रायफल आहे. लष्करातून निवृत्त झालेले त्यांचे एक स्नेही तिला पाहून दर वेळी तेच म्हणतात, “अहो पाटील, बोल्ट आमच्या थ्री-नॉट-थ्रीचा, आणि काडतूस कुठलं हे? ना पलटणीतलं, ना शिकाऱ्यांचं.” मामांचे उत्तरही ठरलेले : “सुभेदारसाहेब, चालते ना? मग बस.” दर दिवाळीला ती तेल-कापडाने पुसली जाते, आणि तो मान मामांखेरीज कोणाला मिळत नाही.

सुभेदारांचा प्रश्न मात्र रास्त आहे. जी रायफल .३०३ च्या काडतुसासाठी घडली, तिला .३१५ चे, म्हणजे ८ मिलिमीटरचे काडतूस कशासाठी? हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या मानलिखर रायफलीचे. हॅब्सबर्ग सम्राटाच्या फौजेचे काडतूस विदर्भातल्या तुरीच्या शेतात कसे पोहोचले?

उत्तर बंदुकीच्या यंत्रणेत नाही, राज्यकर्त्यांच्या मनात आहे. १८५७ च्या उठावाचा धसका इंग्रजांनी कधीच विसरला नाही. उठावानंतर तोफखाना जवळपास पूर्णपणे गोऱ्या हातांत गेला आणि देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी हत्यारे देण्याचे धोरण आले. नंतर १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना अनिवार्य झाला. तरीही एक धास्ती उरलीच. परवान्याच्या बंदुकीत आणि सैन्याच्या बंदुकीत एकच काडतूस चालत असेल, तर छावणीतून चोरलेला गोळा गावोगावच्या बंदुकांत भरता येईल. म्हणून लष्करी मापाची काडतुसे सामान्यांना बंद. हा नियम साहेबालाही चुकला नाही. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली, तेव्हा हत्तीची शिकार करणाऱ्या गोऱ्या शौकिनांसाठी लंडनच्या बंदूककारांना .४७० सारखी नवी मापे काढावी लागली. आफ्रिकेच्या जंगलात नावाजलेले एक काडतूस हिंदुस्थानातल्या सरकारी भीतीपोटी जन्मले, ही गंमत मला अजूनही पुरत नाही.

.३१५ ही त्याच भीतीची पैदास. अंग ली-एनफिल्डचे, कारण यंत्रे त्याचीच. पोट परक्याचे, कारण सैन्याचे काडतूस त्यात जाता कामा नये. इंग्रज गेले, तरी नियमाचा गाभा राहिला. .३०३ आणि ७.६२ ही मापे आजही आपल्याकडे ‘निषिद्ध बोअर’ आहेत, आणि .३१५ ची स्पोर्टिंग रायफल स्वतंत्र भारताच्या आयुध निर्माणींतून परवानाधारकांसाठी बनत राहिली. मामांना हे सारे मी एकदा सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे आपल्याला भ्यायले म्हणून ही बनली. बरं झालं की.”

दुसरी बंदूक त्याहून चमत्कारिक. तिचे नाव .४१० मस्केट. चांगली थ्री-नॉट-थ्री घ्यायची, नळीतले आटे नाहीसे करून ती आतून गुळगुळीत आणि रुंद करायची, मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवायचा म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता यावे, आणि ही बंदूक पोलीस व पहारेकऱ्यांच्या हाती द्यायची. काडतूसही खास : .३०३ चेच पितळी कवच, पण मान न आवळता सरळ ठेवलेले, म्हणजे ते खऱ्या रायफलीत शिरणार नाही. जमावाने पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली, किंवा पहारेकरीच जमावाला जाऊन मिळाला, तरी सरकारच्या रायफलीपुढे ती दुबळीच ठरावी, ही त्यामागची योजना. कारागिरीचा इतका खर्च एखादे हत्यार बिघडवण्यासाठी झाल्याची उदाहरणे जगात फार नसतील.

अमेरिकेत आणि कॅनडात आज हीच मस्केट हौशी लोक आवडीने बाळगतात. तिची नळी आजच्या.४१० शॉटगनच्या काडतुसासाठी आतून वाढवून घेतात आणि सशा-पाखरांवर चालवतात. बोल्ट सरकवून चालवायची, लष्करी दस्त्याची, एकबारी शॉटगन! पाहणाऱ्याला हसू येते. बाळगणाऱ्याला बहुधा तिचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, आणि ते मला खटकते.

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरच्या पन्नास शिपायांनी १,६५० गोळ्या झाडल्या. त्या .३०३ च्या होत्या. बोल्टची जी चपळाई मी वर कौतुकाने सांगितली, तीच त्या दहा-पंधरा मिनिटांत बंद बागेतल्या माणसांवर चालली. या कुळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हे ओझे उचलायला हवे असे मला वाटते. लोखंडाला पाप नसते, हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे; तो मला पटत नाही, कारण मग लोखंडाला पुण्यही नसते आणि आपले कौतुकही खोटे ठरते. तसे असेल तर १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या १३ कुमाऊँच्या कंपनीने हीच बंदूक हाती धरून जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत खिंड लढवली, याचा अभिमानही वजा करावा लागेल. मी दोन्ही ठेवतो.

१९६२ चा उल्लेख आला, तो तिसऱ्या बंदुकीकडे नेतो. ती माझी सर्वांत लाडकी : ‘२ए’ आणि तिची सुधारित आवृत्ती ‘२ए१’.

चीनविरुद्धच्या त्या युद्धात आपले जवान बोल्ट-ॲक्शन थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते आणि समोर स्वयंचलित व अर्धस्वयंचलित शस्त्रे होती. एसएलआर, म्हणजे बेल्जियमच्या ‘फाल’ रायफलीच्या घराण्यातली आपली अर्धस्वयंचलित रायफल, ईशापूरला घडणार होती. पण लाखोंच्या सैन्याला ती एका वर्षात पुरणे शक्य नव्हते. तिचे काडतूस होते ७.६२ मिलिमीटरचे. मधल्या काळासाठी आणि राखीव साठ्यासाठी अशी रायफल हवी होती की जी तेच काडतूस खाईल आणि हाताशी असलेल्या यंत्रांवर, हाताशी असलेल्या कारागिरांकडून, लगेच बनेल.

ईशापूरच्या कारागिरांच्या बोटांत कोणती रायफल होती? १९०७ ची मार्क ३. इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धात तिला बाजूला सारून अधिक भक्कम ‘नंबर ४’ स्वीकारली. ईशापूरने नंबर ४ कधी बनवलीच नाही. पुढे इंग्रजांनी स्वतः ७.६२ चे काडतूस ली-एनफिल्डमध्ये बसवले ते नंबर ४ च्या अंगात. म्हणून परदेशी जाणकार २ए१ पाहून चक्रावतात : साठचे दशक, नेटोचे काडतूस, आणि एडवर्ड सातव्याच्या काळातले शरीर!

माझा एक मावसभाऊ टेक्सासमध्ये राहतो. त्याच्याकडे २ए१ आहे, आणि तेथील नेमबाजीच्या मैदानावर मी ती चालवली आहे. शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ निरखून पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले की, या जुन्या बंदुकीला असले चौकोनी मॅगझीन कोणत्या गॅरेजमध्ये जोडून घेतले? दादा हसला आणि म्हणाला, “सरकारी गॅरेज आहे, कलकत्त्याला.” मग पाऊण तास तो त्यांना एकेक गोष्ट उलगडून दाखवत राहिला.

त्या गोष्टी अशा. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की ती एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी रायफल रुसते. ७.६२ ला अशी कड नाही, त्यामुळे ती कटकट संपली. पण मग काडतुसाला धरून बाहेर खेचणारा आकडा नव्याने घडवावा लागला. नव्या काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा बराच अधिक, म्हणून अंगासाठी अधिक बळकट पोलाद वापरले. ‘जुन्या थ्री-नॉट-थ्रीची नळी बदलून केलेली जुगाडू रायफल’ अशी २ए१ ची बदनामी सर्वत्र ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. ही नव्याने घडवलेली रायफल आहे. जुने आहे ते केवळ रूप. मॅगझीन बारा काडतुसांचे. दस्त्याच्या पुढच्या लाकडातून आरपार गेलेला एक मजबुतीचा स्क्रू आहे. ईशापूरच्या बांधणीची ती खूण संग्राहक दुरूनच ओळखतात. बुडाची पट्टी धातूची, आणि खांदा तिला दुसऱ्या दिवशीपर्यंत विसरत नाही.

मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो मागच्या माशीतला बदल. २ए ची माशी २,००० मीटरपर्यंत आखलेली होती. एवढ्या अंतरावरच्या एका माणसाला नुसत्या डोळ्यांनी कोण टिपणार? ती आखणी त्या जमान्याची, जेव्हा अख्खी तुकडी हुकमावर एकदम बार काढून दूरच्या जमावावर शिशाचा पाऊस पाडत असे. २ए१ मध्ये ती ८०० मीटरवर आणली. आपल्या सैनिकाला खरोखर काय लागणार आहे याचा विचार करून कोणीतरी जुनी पट्टी काढली.

आता या तिघी शेजारी ठेवून पाहा. .४१० मध्ये नळी खरवडून दुबळी केली, कारण हाती धरणाऱ्यावर विश्वास नव्हता. .३१५ मध्ये काडतूस परके दिले, कारण परवानेदारावरही नव्हता. २ए१ मध्ये तेच अंग अधिक मजबूत करून सैन्याचे सर्वांत ताकदवान काडतूस त्यात घातले. कारखाना एक, यंत्रे बव्हंशी तीच, कामगारांच्या पिढ्याही कदाचित त्याच. दादाला इतिहासाची फारशी गोडी नाही. पण त्याने मैदानावर त्या गृहस्थांना सांगितले की ही रायफल त्याच्या देशाने स्वतःसाठी बनवलेली आहे, आणि मग तो थोडा वेळ गप्प राहिला.

प्रेमाची गोष्ट सांगताना एक भेद मात्र करायला हवा. कॅनडाच्या उत्तरेकडे गस्त घालणारे रेंजर्स १९४७ पासून सत्तर वर्षे नंबर ४ वापरत होते, कारण उणे चाळीस अंशांतही ती गोठत नाही आणि पांढऱ्या अस्वलापुढे पुरेशी पडते. ती त्यांच्या कामाची होती. आपल्याकडे २००८ मध्ये २६ नोव्हेंबरच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर पोलिसांच्या हातात .३०३ होती, ती त्यांनी निवडलेली नव्हती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभाने निरोप दिला तो थेट जानेवारी २०२० मध्ये. हौशी मालकाचा जिव्हाळा आणि शिपायावर लादलेली जुनी बंदूक या एकाच पारड्यात तोलायच्या गोष्टी नव्हेत. ‘जुनी पण विश्वासू’ हे कौतुक शिपायाच्या वाट्याला आलेल्या हत्याराबद्दल मी कधी करणार नाही.

तुम्हाला यांपैकी एखादी पाहायची असेल तर संग्रहालयात किंवा एखाद्या शस्त्र प्रदर्शनात थ्री-नॉट-थ्रीची पाटी लावलेल्या बंदुकीसमोर थोडे थांबा. मॅगझीनचा तळ पाहा. तो चौकोनी असेल तर पाटी बहुधा चुकलेली आहे. मॅगझीनच्या जागी लाकूड दिसले तर नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन आत आटे आहेत का ते बघा. आणि बोल्टच्या दांडीखाली धातूचा जो पट्टा असतो, त्यावर नाव आणि साल कोरलेले असते. दादाच्या बंदुकीवर तेथे ‘आर. एफ. आय.’ आहे आणि त्याखाली १९६७.