अडीच बाय साडेतीन

मी कापडाची कार्डं करते म्हटलं की लोकांना शुभेच्छापत्रं वाटतात. माझी कार्डं पत्त्याच्या पानाएवढी असतात, अडीच बाय साडेतीन इंच. ती विकायची नसतात, अदलाबदल करायची असतात. अटी या दोनच.

त्या घातल्या एम. वान्ची स्टिर्नेमान या स्विस कलावंताने. १९९७ साली झुरिचमधल्या आपल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याने स्वतः केलेली १२०० कार्डं मांडली आणि शेवटच्या दिवशी लोकांना बोलावलं: तुमचं कार्ड करून आणा, बदल्यात माझं न्या. त्याच वर्षी डॉन मेबीने हा खेळ कॅनडात, कॅल्गरीला नेला. गोधड्या शिवणाऱ्यांच्या हाती तो यायचाच होता. चिंध्या कुठे टाकवतात आम्हाला? माप बेसबॉलपटूंच्या कार्डांचं असल्यामुळे नऊ खिशांची प्लास्टिकची पानं तयारच मिळतात. माझ्या मते कार्डाची खरी परीक्षा तो खिसा घेतो. मणी, लेस, बटणं लादून फुगवलेलं कार्ड देखणं असेलही, पण त्या खिशात जात नसेल तर मी त्याला कार्ड म्हणत नाही.

म्हणून सगळी कसरत जाडीची. तळाला कॉलरचं कडक बकरम, त्यावर इस्त्रीने चिकटणारी जाळी, वर कापड. इस्त्री आणि जाळीच्या मध्ये बटर पेपर हवाच, नाहीतर डिंक इस्त्रीच्या तळाला बसतो आणि नंतर एखाद्या पांढऱ्या शर्टावर उतरतो. जरीच्या तुकड्यावर सुती फडकं टाकावं. हल्लीची बरीचशी जर प्लास्टिकची असते, तापली की आक्रसते. खण या मापाला फार सोयीचा, कारण त्याची बुट्टी मुळातच लहान. पैठणीचा मोर मात्र मावत नाही. अशा वेळी अख्खा मोर दामटून बसवण्यापेक्षा नुसती मान आणि डोळा घ्यावा. खण फार सुटतो, म्हणून आधी चिकटवायचा आणि मग कापायचा.

भरतकाम मागचं अस्तर लावण्याआधी उरकायचं, म्हणजे गाठी आत दडतात. धावदोरा आणि गाठीचा टाका एवढ्यावर माझं बहुतेक काम भागतं. साखळी टाक्याला इथे जागा पुरत नाही, तीन कड्या टाकल्या की कार्ड संपतं.

कडेला मशीनचा झिगझॅग. एकाच फेरीत दाट टीप घालायला गेलं की कड लाटेसारखी होते. पहिली फेरी विरळ, दुसरी दाट. कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली ठेवून कार्ड वळवायचं. दोऱ्यानेही कड थोडी फुगते, तेव्हा कापतानाच केसभर कमी कापावं. ज्यांच्याकडे झिगझॅगचं मशीन नाही त्यांनी हाताने बटणहोल टाका घालावा. वेळ खातो, पण कोपरे मशीनपेक्षा सुबक येतात.

मागे न पसरणाऱ्या शाईने नाव, तारीख, कार्डाचं नाव. एकाच नमुन्याची नऊ केली असतील तर ‘३/९’ असंही लिहायचं.

याच मापाची कार्डं विकणारेही आहेत. इंग्रजीत त्यांना ‘एसीइओ’ असं वेगळं नाव आहे, आणि ते वेगळं राहिलेलंच बरं. माझा विक्रीला विरोध नाही, गोधड्या मी पैसे घेऊनच शिवते. पण किंमत लावली की गिऱ्हाईक तास मोजतं आणि मीही मोजायला लागते. अदलाबदलीत माझ्या चार संध्याकाळच्या कार्डावर समोरची एखादी नवशिकी दहा मिनिटांत चिकटवलेला चौकडीचा तुकडा देते. तोही घ्यायचा, तोंड वाकडं न करता. माझ्या पानांमध्ये असे बरेच तुकडे आहेत. काहींच्या टिपा उसवल्यात. त्या मी दुरुस्त करत नाही, काम त्यांचं आहे.

टपालाने पाठवायचं तर कार्ड उघडं पाठवू नये. शिक्क्याखाली मणी फुटतात. दोन पुठ्ठ्यांत घालून पाकीट करावं, आणि आत परतीचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट ठेवावं. ते नसेल तर लोक उत्तर द्यायला महिने लावतात.